रिश्ताबिलोर

१९ मे

नवी वही. माझ्या लेकीनं, लालबेगिमनं, रुशानच्या बाजारातून आणली. रेघा एवढ्या ठळक आणि लांब लांब आहेत की ती पहिलीतल्या पोरांसाठीच छापलेली असणार. पेनही जाड, काळ्याभोर शाईचं. मी विचारलं, मला काय अक्षरं गिरवायला बसवतेस? तर म्हणाली, दुकानात दुसरी वही नव्हती. रुशानची दुकानं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत.

असो. खनिज शोधणाऱ्या मोहिमेत असताना रोज संध्याकाळी नोंद लिहायची शिस्त होती. मोहीम गेली, मोहीम पाठवणारा देशही गेला, माझी शिस्त मात्र गेली नाही. बारतांगच्या खोऱ्यात बिलोर ओळखावा तर शोहनजरनंच, असं लोक अजून म्हणतात. बिलोर म्हणजे नितळ गारगोटी, पाण्यासारखा स्फटिक. तो मॉस्कोला जायचा, तिथे कापून रेडिओच्या यंत्रांत बसवायचे, आणि त्यात केसाएवढा दोष चालत नसे. तो दोष शोधणारा मी. दगड उन्हाकडे धरायचा, एकदा फिरवायचा, की निकाल लागला. आमच्या मुख्य भूशास्त्रज्ञ गालिना पेत्रोव्ना म्हणायच्या, या शोहनजरच्या डोळ्यांवर सरकारी शिक्का मारून ठेवा, नाहीतर कुणीतरी चोरून नेईल.

गेल्या आठवड्यात भूकंप झाला. आमच्याकडे भूकंप पाहुण्यासारखा असतो. येतो, भांडी वाजवतो, जातो. या वेळी कदमशोच्या गोठ्याची भिंत तेवढी पडली. त्याचं मला वाईट वाटलं असं लिहिणं खोटं होईल.

आज लालबेगिम वरच्या कुरणावरून धापा टाकत आली. कड्याचा एक पापुद्रा सुटून खाली आलाय, म्हणाली, आणि उघड्या पडलेल्या खडकातून गारगोटीची पांढरी शीर गेलीय. दुपारच्या उन्हात तिथे काहीतरी चमकतं. मी छपरावर चढून पाहिलं. आज हवेत इतकी धूळ होती की डोंगरसुद्धा धड दिसेना. तिनं बोटानं दाखवलं. मी म्हटलं, दिसली, शीर डावीकडे झुकलीय.

"उजवीकडे, दादा," ती म्हणाली.

ती उभी होती तिथून तसं वाटत असेल.

२६ मे

वर जाऊन आलो. गुडघे बोलले, पण मी ऐकलं नाही.

लालबेगिम पुढे, मी मागे. तिनं डोक्याला भडक लाल रुमाल बांधला होता, लग्नघरात बांधतात तसा. आणि तोंडाला क्षणाची विश्रांती नाही. इथे पायरी आहे, इथे बारीक खडी आहे, इथे डावीकडे दरी. मॉस्कोत राहून पोरगी बडबडी झाली. या वाटेवर मी तिच्या जन्माआधीपासून चालतोय. पण बोलू दिलं. मोठ्या झालेल्या लेकीला बापाशी बोलत राहावंसं वाटतं, हे काही थोड्या बापांच्या नशिबात असतं.

त्या शिरेतल्या भेगेचं तोंड जेमतेम माणूस आडवा होऊन सरकेल एवढं. आत ओली तांबडी माती. अशी माती लागली की समजावं, मागे खडकात पोकळ कोठी आहे आणि कोठीत माल आहे. मी खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना काहीतरी सपाट, थंड, धारेचं लागलं. पहिला दगड मी काढला. हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे लोक काहीही सांगतील.

ओढ्यात धुऊन उन्हाकडे धरला. पंजासारखा चपटा. दुधाळ. दुसरा काढला, तोही दुधाळ. तिसराही. हा डोंगर आता म्हातारा झालाय.

लालबेगिम म्हणाली, दुधाळ नाही दादा, नितळ आहे, फक्त मधून एक पांढरा दोरा गेलाय, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी म्हटलं, तेच म्हणतोय मी. रिश्ताबिलोर. आमच्यात रिश्ता म्हणजे दोरा. मोहिमेत असला दगड हातात आला की मी तो न बघता भुग्याच्या ढिगात फेकायचो.

मग तिला त्याची जन्मकथा सांगितली, गालिना पेत्रोव्नांनी मला सांगितली होती तशीच. डोंगराला भेग पडते ती एका दिवसात नाही. केसाच्या जाडीनं उघडते, थांबते, पुन्हा उघडते. खालून तापलेलं पाणी वर चढतं, त्यात गारगोटी विरघळलेली असते. त्या पाण्यातून बिलोर वाढत जातो आणि या भिंतीपासून त्या भिंतीला जाऊन टेकतो. मग डोंगर जरा हलतो. भेग रुंदावते, बिलोर मोडतो. पाणी येऊन ती मोड भरतं, बिलोर पुन्हा सांधतो. पुन्हा डोंगर हलतो, पुन्हा मोडतो, पुन्हा भरतो. किती वेळा, ते देवालाच माहीत. प्रत्येक मोडीच्या जागी पाण्याचे बारीक थेंब आत अडकून राहतात. तो पांढरा दोरा म्हणजे त्या सगळ्या मोडींची रांग.

ती बराच वेळ दगड हातात घेऊन बसली होती. मग विचारलं, सांधलेली जागा नंतर कच्ची राहते का?

मी म्हटलं, मी असले पुष्कळ फोडलेत, पण माझ्या घणाखाली तरी एखादा नेमका दोऱ्यावर फुटल्याचं आठवत नाही.

प्रश्न चांगला विचारला. डोकं माझ्यावर गेलंय.

४ जून

कदमशो भांडायला आला होता.

आम्ही दोघं एकाच मोहिमेत होतो. तो सुरुंग लावायचा, मी मालाची छाननी करायचो. एकदा त्यानं दारू जास्त भरली आणि नितळ बिलोरांनी भरलेल्या कोठीचा एका फटक्यात चुरा केला. सभेत गालिना पेत्रोव्नांनी विचारलं, काय झालं? मी खरं ते सांगितलं. सन्मानफलकावरून त्याचं छायाचित्र उतरवलं. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी टोमण्यांतच बोलतो. आता आम्हाला दुसरी भाषा येतही नाही.

त्याचं म्हणणं, भेग त्याच्या कुरणाच्या डोक्यावर आहे, म्हणून त्याची. मी म्हटलं, खोऱ्याचा नियम तुला ठाऊक आहे. ज्याचं लोखंड भेगेच्या तोंडाशी, भेग त्याची. माझी पहार तिथे ठेवलेली आहे.

"पहार तिथे आहे रे," कदमशो म्हणाला, "पण तू कुठे असतोस ते तुला तरी दिसतं का?"

असलं काहीतरी निरर्थक बोलणं ही त्याची जुनी खोड. मी त्याच्यापुढे खारा दूधचहा ठेवायला सांगितला. शत्रू असला तरी उंबऱ्याच्या आत पाहुणाच. निघताना लालबेगिम त्याला कुंपणापर्यंत सोडायला गेली. बऱ्याच वेळानं परत आली आणि म्हणाली, कदमशोकाका तयार झाले. त्यांची गाढवं माल उतरवतील, त्यांना वाटा द्यायचा.

म्हणजे घाबरला. माझा आवाज अजून चढतो.

१८ जून

रोज जातोय. परवान्याचे कागद लालबेगिमनं करून आणले. आत ती सरकते, मी तोंडाशी बसून सूचना देतो. ती माल बाहेर देते, मी बोटांनी माती काढून लोकरीत गुंडाळतो. एकूण काय, सगळं काम माझ्या सूचनांवर चाललंय.

विजेचा दाब हल्ली फारच कमी. दिव्याभोवती नुसतं पिवळं धुकं. लालबेगिम म्हणते, शेजारीही तसंच आहे. तिनं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. रशियन जिभेवर राहावी म्हणून रोज वाचते म्हणे.

२ जुलै

बायकांचा ताप सुरू झाला.

कुणीतरी गावभर केलं की शोहनजरकडे रिश्ताबिलोर निघालाय. आमच्या लोकांची जुनी समजूत आहे की मोडलेलं असेल त्याजवळ हा दगड ठेवावा. हाड असो, घर असो, नाहीतर मन. त्याला दोरा माहीत असतो, म्हणतात. आज सकाळी कड्यावरून पडलेल्या मुलाची आई आली, पायाला बांधायला एक दगड द्या म्हणून. मी म्हटलं, बाई, पाय खोरोगच्या डॉक्टरनं प्लास्टरमध्ये बसवलाय, तो त्यानंच बरा होईल. दगड कुणाला बरं करत नाही. दगड फक्त स्वतःला बरं करतो, आणि तेही काही कमी नाही.

लालबेगिमनं माझ्यामागून तिला एक दगड दिला. आवाजावरून कळलं. मग आणखी दोघी आल्या. एकीचा नवरा रशियात जाऊन निरोप देईनासा झालाय. दुसरीनं कारण सांगितलं नाही, फक्त रडली. आता पवित्र ठाण्यावर, जंगली मेंढ्यांच्या शिंगांशेजारी, माझ्याच भेगेतले दगड मांडून ठेवलेत म्हणे. पहिल्या दर्जाचा माल निघाला असता तर मला तिथे मिरवायला आवडलं असतं. पण तरीही, शोहनजरचे दगड, असंच म्हणतात सगळ्या.

एकीनं लालबेगिमला विचारलं, तू स्वतः का नाही एक उशाखाली घेऊन झोपत? तिनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. लालबेगिमचा नवरा मॉस्कोत आहे. गेल्या वर्षी त्यानं फोनवर तीन शब्द म्हटले आणि लग्न संपवलं. ती शरदात परत आली, हातात एक पिशवी. हवा मानवत नव्हती म्हणाली. त्या माणसाबद्दल ती कधी बोलत नाही, म्हणजे बोलण्यासारखं काही उरलं नसावं. माझी लेक खंबीर आहे.

२३ जुलै

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

ओशहून बुरुलाय नावाच्या व्यापारी बाई आल्या. किरगीझ, ठसठशीत, बोटांत चांदीच्या अंगठ्या वाजत होत्या. त्यांना म्हणे रिश्ताबिलोरच हवा होता. परदेशी लोक तो गळ्यात घालतात, मोडून सांधलेला म्हणून. मोहिमेच्या काळात आम्ही जे फेकलं त्यावर आता लोक प्रेम करतात. काळाची गंमत.

अंगणात चटई टाकून माल मांडला. कदमशोही आला होता, वाटेकरी म्हणून. शेजारपाजारचे कठड्यावर बसले होते. बुरुलायबाईंनी एक दगड उचलून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, भाऊ, खोऱ्यात सगळ्यात तेज नजर तुमची असं ऐकलंय. हा कसा आहे सांगा.

मी उठलो. उन्हाकडे धरला, एकदा फिरवला. जुने दिवस आठवले. मी म्हटलं, "दुधाळ. आतून पूर्ण भरलेला. दुसरा दर्जा."

कठड्यावर कुणीतरी खोकलं. बाईंनी विचारलं, "दुधाळ?" आणि पुढे काही बोलणार, तेवढ्यात कदमशो म्हणाला,

"काही दगडांचं दूध फार खोल असतं, बाई. ते मोहिमेत काम केलेल्यालाच दिसतं. मलाही दिसतंय. शोहनजर म्हणतो तेच बरोबर. हा बाजूला ठेवा."

कदमशो म्हणाला हे. कदमशो. चार माणसांत, माझ्या अंगणात, एवढ्या वर्षांनी. लालबेगिम चहा आणायला म्हणून घाईघाईनं आत गेली आणि बराच वेळ आली नाही. बापाची शान बघून भरून आलं असणार.

तो एक दगड सोडून बाईंनी जवळजवळ सगळा माल उचलला. उरलेला शरदात नेईन म्हणाल्या. कदमशो जाताना मी त्याला हाक मारली आणि जर्दाळूंची टोपली दिली. त्यानं घेतली. माणूस म्हातारपणी सुधारतो.

१४ ऑगस्ट

परवा घडलं ते लिहायला दोन दिवस लागले. आज लिहितो, जमेल तसं.

लालबेगिमला ताप होता. कोठीच्या मागच्या भिंतीशी एक मोठा दगड आहे असं तिनं सांगितलं होतं. मी ठरवलं, आपण जाऊन तो आणायचा आणि तिच्या उशाशी ठेवायचा. तिला कळायच्या आत निघालो.

ओढ्यापर्यंत ठीक होतं, पाण्याचा आवाज सोबत होता. पुढे वाट फुटते, तिथे मी थांबलो. समोर सगळं एकाच रंगाचं होतं. खडक कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते ते कळेना. काठी पुढे टेकवली, ती टेकलीच नाही. मी खाली बसलो. मागे वळावं तर तेही कळेना. ऊन डोक्यावरून पाठीवर आलं. मी हाक मारली नाही. शोहनजर त्याच्या स्वतःच्या डोंगरात मदतीला हाक मारत नाही.

शेवटी गाढवांच्या खुरांचा आवाज आला.

"काय, आराम चाललाय?" कदमशोनं विचारलं.

"देखावा बघतोय."

तो शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "शोहनजर, माझ्या हातातला हा दगड बघ. भेगेच्या तोंडाशी सापडला. कसा आहे?"

त्यानं हात उंच धरला होता. मी नीट पाहिलं. "दुधाळ," मी म्हटलं. "रिश्ता जाड आहे. दुसरा दर्जा."

त्यानं तो मोडला आणि अर्धा माझ्या हातात ठेवला. ती भाकर होती.

आम्ही दोघांनी ती खाल्ली. काय करणार, भाकर फेकत नाहीत. मी विचारलं, गावात कुणाकुणाला ठाऊक आहे? तो म्हणाला, गाढवांनासुद्धा. मी विचारलं, मग त्या बाईसमोर तू तसं का बोललास? तो दगड कसा होता?

"पाण्यासारखा. मधून एकच दोरा, रेशमासारखा. सगळ्या मालात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता."

"मग हसला का नाहीस? एवढी वर्षं वाट बघत होतास की."

कदमशोनं दाढीतले तुकडे झटकले. "सभेत तू माझ्याबद्दल बोललास ते खरं होतं, म्हणून राग टिकला. खोटं असतं तर कधीच विसरलो असतो. तुझ्या डोळ्यांना मी किती शिव्या घातल्यात, तुला कल्पना नाही. पण ते जाताना बघायला मजा नाही आली रे."

मग त्यानं एका गाढवाचं शेपूट माझ्या हातात दिलं आणि आम्ही खाली आलो. वाटेत तो मला इथे पायरी, इथे खडी असं काही सांगत नव्हता. गाढव सांगत होतं.

१६ ऑगस्ट

लालबेगिमचा ताप उतरला. मी तिला समोर बसवून फैलावर घेतलं. जाड रेघांची वही, लाल रुमाल, शेजाऱ्यांची वीज, सगळं एकेक करून विचारलं. बापाला लहान पोर समजलीस, म्हटलं. गावभर माझा तमाशा झाला आणि तू चहा आणायला आत गेलीस.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्या दिवसापासून उंबरा ओलांडला नसता. मी ओळखते तुम्हाला."

"म्हणून खोटं बोलायचं?"

"दादा, मी मॉस्कोहून आले तेव्हा गावातल्या एकूण एक बाईनं मला विचारलं. नवऱ्यानं का टाकलं, मूल का झालं नाही, आता काय करणार. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात छिन्नी दिलीत आणि म्हणालात, धार लाव, बोथट झालीय. बस. त्या छिन्नीवर मी उभी राहिले. तुम्ही मला माझा वेळ दिलात. मग तुमचा तुम्हाला द्यायला नको?"

तिला कसं सांगणार की मी विचारलं नाही ते शहाणपणानं नाही, मला काही दिसलंच नव्हतं म्हणून. खरंच छिन्नी बोथट झाली होती. पण तिनं ज्या आवाजात ते म्हटलं, त्या आवाजातलं काही परत करण्याची माझी हिंमत झाली नाही. मान हलवली. मग म्हटलं, खोरोगला कधी जायचं?

५ सप्टेंबर, खोरोग

अक्षर वाकडं येत असेल. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर धुकं.

डॉक्टर पोरगी आहे, लालबेगिमहूनही लहान. म्हणाली, डोळ्यातलं भिंग गढूळ झालं होतं, काढून नवं बसवलं. फार आधी यायला हवं होतं. मी तिला सांगितलं, भिंगाबद्दल मला शिकवू नकोस, मॉस्कोचे कारखाने माझ्या नजरेवर चालायचे. ती म्हणाली, असं का, मग माझं कामही तपासून सांगा उद्या. आवडली मला.

६ सप्टेंबर, खोरोग

पट्टी काढली.

आधी भिंत दिसली. हिरवी, घाणेरड्या रंगाची, वरच्या कोपऱ्यात पोपडा आलेला. इतकी सुंदर भिंत मी कधी पाहिली नव्हती. डॉक्टरला म्हटलं, काम पहिल्या दर्जाचं.

मग लालबेगिम समोर आली.

मी तिला ओळखलं, ओळखणार नाही असं कसं होईल. पण माझ्या मनात जी होती ती मॉस्कोला जाताना बसच्या खिडकीतून हात हलवणारी होती. ही दुसरी बाई होती. कपाळावरचे केस पांढरे झालेत. हात माझ्या हातांसारखे, सांधे फुगलेले, अंगठ्याचं नख काळं. भुवईपासून कानापर्यंत एक वण. मी बोट ठेवून विचारलं, हे कधी?

"जुलैत," ती म्हणाली. "छिन्नीची ठिकरी उडाली. तुम्ही तिथेच बसला होतात. विचारलंत, कसला आवाज आला? मी म्हटलं, दगडाचा."

मी वहीत लिहिलं होतं की काम माझ्या सूचनांवर चाललंय. मागची पानं आत्ता उलटून पाहिली. केवढी मोठी अक्षरं. पण ते वाक्य खोडणार नाही. तेव्हा तसं वाटलं होतं.

जाताना लालबेगिमनं डॉक्टरला लोकरीत गुंडाळलेला एक बिलोर दिला. डॉक्टर म्हणाली, मी असल्या गोष्टी मानत नाही. लालबेगिम म्हणाली, दादाही मानत नाहीत. मग डॉक्टरनं तो घेऊन खिडकीत ठेवला. मी वळून पाहिला. पाण्यासारखा, आणि मधून एकच दोरा, उन्हानं पेटलेला. मोहिमेत असा दगड हातात आला असता तर मी नियमाप्रमाणे फेकून दिला असता. नियम रेडिओसाठी होता.

१९ सप्टेंबर

कुरणावर दव गोठायला लागलंय. बर्फ पडायच्या आत एकदाच जाऊ म्हटलं. जुन्या कोठीत काही उरलेलं नाही, पण शीर कड्यात वर चढते, तिथे आणखी एक भेग असावी असं लालबेगिमचं मत.

मी पुढे चाललो, ती मागे. इथे पायरी, इथे खडी, असं मी एकदाही म्हटलं नाही. तिला माहीत आहेत.

तिनं वर खडकाला दोर बांधला, कमरेला अडकवला आणि कड्याच्या अंगावर उतरली. कदमशो आणि मी बाजूच्या कट्ट्यावर बसलो, तुतीच्या पिठाचे लाडू खात. तिथून ती समोर दिसत होती. आणि मी पहिल्यांदा तिला काम करताना पाहिलं.

घण ती डाव्या हातानं मारते. मी तिला तसं शिकवलं नाही, कुणीच शिकवलेलं नाही. मारायच्या आधी खडकावर तळहात ठेवते आणि थांबते, गाईच्या पोटावर हात ठेवून वासराचा अंदाज घ्यावा तसं. मग छिन्नी लावते ती नेमकी तिथेच. एक फटका वाया जात नाही. मोहिमेत एवढी माणसं पाहिली, मीही कमी नव्हतो, पण एवढं नेटकं काम करणारं कुणी आठवत नाही. हे मी बाप म्हणून लिहीत नाही. छाननीदार म्हणून लिहितो.

"तू आज बघतोयस," कदमशो म्हणाला. "आम्ही अख्खा उन्हाळा बघितलं."

"गप बस," मी म्हटलं. आणि लाडू त्याच्याकडे सरकवला.

ऊन कड्यावर आलं तेव्हा तिनं आवाज दिला. "दादा, शीर इथे दुभंगलीय. डावीकडे जाऊ की खाली?"

मला स्वच्छ दिसत होतं. डावीकडची पांढरी पट्टी जाड, खालची सुतासारखी बारीक. लहान मूलही डावीकडे जाईल. मी तोंड उघडलं. आणि मग म्हटलं,

"तुला काय दिसतं?"

तिनं दोन्हीकडे तळहात ठेवून पाहिला. "खाली," ती म्हणाली.

"मग खाली जा."

कदमशो माझ्या कानाशी लागला. "अरे, डावीकडे आहे ते."

"मलाही डावीकडेच वाटतंय."

"मग सांग की तिला."

"घण तिच्या हातात आहे."

आम्ही बसून राहिलो. पिठाचे लाडू संपले. घणाचा आवाज कड्यावरून येत होता, टणक, एकसारखा, आणि कदमशो दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघून मान हलवत होता. मग एका फटक्याला आवाज बदलला. पोकळ झाला, झाकणावर मारल्यासारखा. मोहिमेत काम केलेल्या कुणालाही तो आवाज झोपेतून उठवेल. आम्ही दोघं एकदमच उभे राहिलो, चार म्हातारे गुडघे कटकटले.

ती ओरडली नाही. छिन्नी दातांत धरून तिनं हात आत घातला, दंडापर्यंत, आणि तांबड्या मातीनं माखलेला काहीतरी मोठा तुकडा सावकाश बाहेर काढला. रुमालात बांधला, दोरानं वर चढली, कट्ट्यावर आली आणि आमच्यामध्ये ठेवला. कदमशोनं पाण्याची बाटली ओतून तो धुतला. मग सवयीनं उचलून माझ्यापुढे केला.

"घे. कसा आहे सांग."

ऊन समोरच होतं. माझा एक डोळा आता नवा होता. मी हात पाठीमागे बांधले.

"तिला विचार," मी म्हटलं. "माल तिचा आहे, नजरही तिची आहे."